तारेचे कोडे उलगडणारा शिक्षक

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज कितीतरी वेळा विजेचे बटण दाबता. बटण दाबताच दिवा लागतो, पंखा फिरू लागतो, इस्त्री तापू लागते. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? इस्त्रीच्या आतली तार इतकी तापते, की कपड्यावरच्या सुरकुत्या नाहीशा होतात. मात्र भिंतीपासून इस्त्रीपर्यंत वीज आणणारी तार जवळजवळ थंडच राहते. दोन्ही तारांमधून वाहणारी वीज तर एकच असते. मग एक तार तापते आणि दुसरी तापत नाही, असे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर आपल्याला सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागेल. तारेतून वीज किती वाहते आणि तार तिला किती अडवते, याचा हिशेब त्या काळी एका शाळेतील शिक्षकाने मांडला. त्या शिक्षकाचे नाव जॉर्ज सायमन ओहम. आज जगभर ज्याचे नाव शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते, त्या माणसाने हा हिशेब मांडल्यानंतर निराश होऊन आपल्या नोकरीवर पाणी सोडले. त्याची ही गोष्ट आहे.

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. हे गाव आज जर्मनी देशात आहे. त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हता. तेथे लहानमोठी अनेक राज्ये होती. जॉर्जचे वडील योहान वोल्फगांग हे कुलपे आणि किल्ल्या बनवणारे कारागीर होते. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी होती. या दांपत्याला सात मुले झाली; परंतु त्यांतली तीनच जगली. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याची आईही देवाघरी गेली.

जॉर्जच्या वडिलांना शाळेत फारसे शिकायला मिळाले नव्हते. तरीही ज्ञानाची त्यांना मोठी ओढ होती. दिवसभर हातोडा आणि कानस चालवून झाल्यावर ते पुस्तके घेऊन बसत. अशा रीतीने ते स्वतःच गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले. जे शिकले ते त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना शिकवले. जॉर्ज शाळेत जात होता. पण तेथे घोकंपट्टीवरच भर असे. खरी शाळा घरीच भरत होती. तेथे एका बाजूला कुलपांचे काम चाले आणि दुसऱ्या बाजूला गणिताची उदाहरणे सुटत. हाताने अचूक काम करणे आणि डोक्याने अचूक विचार करणे, हे दोन्ही धडे जॉर्जला वडिलांकडून मिळाले. पुढे हेच दोन धडे त्याच्या उपयोगी पडले.

एर्लांगेनच्या विद्यापीठात लांग्सडोर्फ नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी एकदा या दोन भावांची परीक्षा घेतली. मुलांची तयारी पाहून ते चकित झाले. स्वित्झर्लंडमधील बेर्नूली घराण्यातले भाऊ गणितासाठी जगप्रसिद्ध होते. त्यांच्याशी प्राध्यापकांनी या कारागिराच्या मुलांची तुलना केली. वडिलांना किती आनंद झाला असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता.

पण हा आनंद फार दिवस टिकला नाही. १८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याला मोकळे वारे लागले. नाचणे, बर्फावर घसरत धावणे आणि बिलियर्ड खेळणे यांत त्याचा वेळ जाऊ लागला. स्वतःला जे मिळाले नाही ते मुलाला मिळावे, म्हणून वडील झटत होते आणि मुलगा ती संधी वाया घालवत होता. वडील फार नाराज झाले. शेवटी जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले. १८०६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून गेला.

मित्रांनो, घरापासून दूर गेल्यावर माणसाला पुष्कळ गोष्टी कळतात. जॉर्जलाही कळल्या. आता तो दिवसा मुलांना शिकवी आणि उरलेल्या वेळात स्वतः शिके. लांग्सडोर्फ यांनी त्याला मोठमोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ स्वतः वाचण्याचा सल्ला दिला होता. त्याप्रमाणे त्याने ऑयलर, लाप्लास आणि लाक्रवा यांचे कठीण ग्रंथ एकट्याने वाचून काढले. पाच वर्षांनी, म्हणजे १८११ मध्ये, तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट ही पदवी मिळवली. ज्या विद्यापीठातून तो निघून गेला होता, त्याच विद्यापीठाने त्याचा सन्मान केला.

पदवी मिळाली तरी पोटाचा प्रश्न सुटला नाही. विद्यापीठात शिकवण्याचे काम मिळाले. पण त्यात भागत नव्हते. म्हणून ओहम यांनी १८१३ मध्ये बाम्बर्ग येथील एका साध्या शाळेत नोकरी धरली. ती शाळा फारशी चांगली नव्हती. १८१६ मध्ये ती बंदच पडली. या कठीण दिवसांतही ओहम स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी भूमिती कशी शिकवावी, यावर एक पुस्तक लिहिले. ते १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना कोलोन शहरातील एका नामवंत शाळेत गणित आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची जागा मिळाली. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

कोलोनच्या शाळेत एक चांगली प्रयोगशाळा होती. ओहम यांना जणू खजिनाच सापडला. विद्यार्थ्यांचे तास संपले, की ते प्रयोगशाळेत जाऊन बसत. त्या काळी विजेच्या शास्त्रात नवेनवे शोध लागत होते. इटलीतील व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युतघट तयार केला होता. त्यामुळे तारेतून सतत वीज वाहवता येऊ लागली होती. १८२० मध्ये डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनी दाखवून दिले, की तारेतून वीज वाहू लागली, की जवळची चुंबकसुई हलते. वीज डोळ्यांना दिसत नाही. पण सुई किती हलली हे दिसते. म्हणजे वीज मोजण्याचे साधन माणसाच्या हाती आले होते.

साधन होते, पण नियम कोणालाच ठाऊक नव्हता. तार लांब केली तर वीज किती कमी होते? जाड केली तर किती वाढते? तांब्याऐवजी लोखंड घेतले तर काय होते? याची उत्तरे नेमक्या आकड्यांत कोणी दिली नव्हती. इंग्लंडमधील कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने ओहम यांच्या फार आधी असे प्रयोग केले होते. सुई वापरून वीज मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून विजेचा झटका स्वतःच्या शरीराला किती जोरात बसतो, यावरून तो अंदाज बांधत असे. (तुम्ही मात्र असे धाडस चुकूनही करू नका!) त्याने आपले हे काम प्रसिद्धच केले नाही. ते कागद जगापुढे आले १८७९ मध्ये. त्यामुळे ओहम यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांना सुरुवात अगदी पहिल्यापासून करावी लागली.

ओहम यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेतल्या. एकामागून एक तार विद्युतघटाला जोडली आणि दर वेळी सुई किती हलते ते पाहिले. पण एक अडचण वारंवार येऊ लागली. तार जोडताच वीज जोरात वाहे आणि थोड्याच वेळात तिचा जोर कमी होई. तीच तार पुन्हा जोडली तरी आकडा वेगळा येई. समजा, दुकानदाराच्या तराजूचा काटा दर घडीला आपोआप सरकू लागला, तर मालाचे वजन बरोबर कसे येईल? ओहम यांच्या विद्युतघटाचे तसेच झाले होते. १८२५ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगांतून एक सूत्र काढून प्रसिद्ध केले. पण ते बरोबर नव्हते.

येथे दुसरा एखादा माणूस निराश झाला असता, किंवा आपलेच सूत्र बरोबर आहे असा हट्ट धरून बसला असता. ओहम यांनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. विज्ञानाच्या एका प्रसिद्ध नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी त्यांना सुचवले, की विद्युतघट सोडून द्या आणि उष्णतेपासून मिळणारी वीज वापरून पाहा. झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये शोध लावला होता, की दोन वेगळ्या धातूंचे तुकडे दोन्ही टोकांना जोडले आणि एक जोड गरम व दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून वीज वाहते. ही वीज फार दुबळी असते. पण उष्णतेतला फरक कायम ठेवला, तर तिचा जोर मुळीच बदलत नाही.

ओहम यांनी तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचे तुकडे जोडले. एक जोड त्यांनी उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळत राहिले आणि बर्फ वितळत राहिले, की दोन्हींचे तापमान बदलत नाही. झाले! न सरकणारा तराजू त्यांना मिळाला. चुंबकसुई त्यांनी एका बारीक पट्टीला टांगली आणि तिची हालचाल काळजीपूर्वक मोजण्याची सोय केली. कुलपे बनवणाऱ्या बापाच्या मुलाला असे बारीक काम नवे नव्हते.

१८२६ च्या जानेवारी महिन्यात त्यांनी प्रयोग केले. सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार २ इंच लांब होती आणि सर्वांत लांब तार १३० इंच. आखूड तार जोडली, तेव्हा मापन सुमारे ३२७ आले. लांब तार जोडली, तेव्हा ते सुमारे ४८ आले.

आता तुम्हीच जरा हिशेब करा. २ इंचांपेक्षा १३० इंच म्हणजे ६५ पट. तार ६५ पट लांब झाली. पण वीज मात्र सातपटीच्या आसपासच कमी झाली. हे कसे? पाहता पाहता कोणीही गोंधळून जाईल. ओहम यांनी मात्र खरे कारण ओळखले. वीज फक्त त्या आठ तारांपैकी एका तारेतूनच जात नव्हती. ती धातूच्या तुकड्यांतून आणि उपकरणाच्या इतर भागांतूनही जात होती. तेही तिला अडवत होते. त्यांचा अडथळा सुमारे २० इंच तारेइतका होता. म्हणजे पहिल्या प्रयोगात विजेला २ नव्हे, तर २० अधिक २, असे २२ इंच पार करावे लागत होते. शेवटच्या प्रयोगात २० अधिक १३०, म्हणजे १५० इंच. आता १५० ला २२ ने भागा. उत्तर सातच्या जवळ येते. कोडे सुटले!

मधल्या सहा तारांचे आकडेही याच हिशेबात बसले. एकूण अडथळा जितक्या पट वाढतो, तितक्या पट वीज कमी होते, ही गोष्ट स्पष्ट झाली. नियम एवढाच होता. तो सोपा होता, पण तो शोधायला हातांचा संयम आणि बुद्धीची चिकाटी लागली होती.

हा नियम आपण आता नीट समजून घेऊ. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितके नळाला पाणी जोरात येते. नळी जितकी अरुंद आणि लांब, तितके पाणी कमी येते. विजेचेही काहीसे असेच आहे. विजेला पुढे ढकलणारा जो जोर, त्याला विभवांतर म्हणतात. ते व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून दर सेकंदाला जी वीज वाहते, तिला विद्युतधारा म्हणतात. ती अँपिअरमध्ये मोजतात. आणि तार जो अडथळा करते, त्याला रोध म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या उर्दू पुस्तकात विद्युतधारेला बर्की रौ आणि रोधाला मुजाहमत म्हटलेले तुम्हाला आढळेल. भाषा वेगळी असली, तरी नियम एकच आहे. विभवांतराला रोधाने भागले, की विद्युतधारा मिळते.

एक उदाहरण घ्या. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. एखाद्या इस्त्रीतील तारेचा रोध ४६ ओहम असेल, तर २३० ला ४६ ने भागायचे. उत्तर येते ५. म्हणजे त्या इस्त्रीतून ५ अँपिअर विद्युतधारा वाहील. रोध दुप्पट केला, तर विद्युतधारा निम्मी होईल. किती सरळ हिशेब आहे!

तारेचा रोध कशावर अवलंबून असतो? पहिली गोष्ट म्हणजे लांबी. तार दुप्पट लांब झाली, की रोध दुप्पट होतो. दुसरी गोष्ट जाडी. तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट झाले, की रोध निम्मा होतो. रुंद रस्त्यावरून एका वेळी जास्त माणसे जाऊ शकतात, तसेच हे आहे. तिसरी गोष्ट धातू. चांदी विजेला सर्वांत कमी अडवते. तिच्या खालोखाल तांबे. चांदी महाग, म्हणून घरातल्या तारा तांब्याच्या असतात. ॲल्युमिनियम थोडे अधिक अडवते. पण ते हलके आणि स्वस्त असते, म्हणून खांबांवरून जाणाऱ्या तारांत ते वापरतात. लोखंडाचा अडथळा तांब्याच्या सुमारे सहापट असतो. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणापासून तयार केलेल्या नायक्रोमचा अडथळा तर तांब्याच्या साठपटीहून जास्त असतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. इस्त्रीच्या आत नायक्रोमची तार असते आणि बाहेर तांब्याची. विद्युतधारा दोन्हींत सारखीच असते. पण जेथे रोध अधिक, तेथे उष्णता अधिक निर्माण होते. उष्णतेचा हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडला. म्हणून आतली तार तापते आणि बाहेरची थंड राहते.

तार विजेला अडवते म्हणजे नेमके काय करते, हे मात्र ओहम यांच्या काळात कोणालाच माहीत नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. आज आपल्याला माहीत आहे, की धातूत असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. विभवांतर मिळाले, की ते एका दिशेने सरकू लागतात. धातूचे अणू आपापल्या जागी थरथरत असतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आदळतात आणि त्यांची गती अडते. गर्दीच्या बाजारातून वाट काढणाऱ्या माणसासारखी त्यांची अवस्था होते. धातू तापला, की अणू अधिक जोरात थरथरतात. मग अडथळाही वाढतो. काचेच्या जुन्या पद्धतीच्या बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावर तिचा रोध थंड असतानाच्या दहापटीहून अधिक होतो. म्हणूनच ओहमचा नियम सांगताना तापमान कायम असले पाहिजे, अशी अट घालतात.

मित्रांनो, एवढा मोठा शोध लागल्यावर ओहम यांचे दिवस पालटले असतील, असे तुम्हाला वाटत असेल. पण तसे झाले नाही. खरी परीक्षा तर पुढेच होती.

या कामावर एक मोठा ग्रंथ लिहावा आणि विद्यापीठात प्राध्यापक व्हावे, अशी ओहम यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी शाळेतून एक वर्षाची रजा घेतली. रजेत पगार निम्माच मिळणार होता. १८२६ च्या ऑगस्टमध्ये ते बर्लिनला गेले. तेथे त्यांचा भाऊ मार्टिन राहत होता. तोही गणिताचा शिक्षक होता. ओहम यांनी तेथे राहून ग्रंथ पूर्ण केला. फ्रान्समधील फूरिए या गणितज्ञाने धातूच्या दांड्यातून उष्णता कशी वाहते, याचे गणित १८२२ मध्ये मांडले होते. ओहम यांनी विचार केला, की उष्णता जशी एका कणाकडून शेजारच्या कणाकडे जाते, तशीच वीजही जात असावी. या विचारातून त्यांनी आपला नियम गणिताने सिद्ध केला. १८२७ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ओहम वाट पाहत राहिले. पण कोठूनही कौतुकाचा शब्द आला नाही. ग्रंथात गणित फार होते आणि त्या वेळी तेथील अनेक विद्वानांना पदार्थविज्ञानातले गणित आवडत नसे. निसर्गाचे स्वरूप शुद्ध विचाराने कळते, त्यासाठी मोजमाप आणि सूत्रे कशाला, असे काहींचे मत होते. एका टीकाकाराने तर ग्रंथातले विचार निव्वळ कल्पनेचे जाळे ठरवले. सरकारी अधिकाऱ्यांवरही या टीकेचा परिणाम झाला. प्राध्यापकाची जागा मिळण्याची आशा मावळली.

ओहम यांच्या मनाला याचा फार त्रास झाला. ज्या कामासाठी रात्रीचा दिवस केला, त्याची कोणी दखलच घेत नाही, हे त्यांना सहन झाले नाही. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. हातात पक्की नोकरी नाही, प्रयोगशाळा नाही आणि मान्यताही नाही, अशी त्यांची स्थिती झाली. पुढची पाच-सहा वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये सैनिकी शाळेत गणिताचे थोडे तास घेऊन कशीबशी काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. नाव प्राध्यापकाचे होते; पण ज्या विद्यापीठाचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, ते अजून दूरच होते.

मात्र सत्य फार काळ दडून राहत नाही. जर्मनीतच फेकनर या शास्त्रज्ञाने पुष्कळ प्रयोग करून ओहम यांचा नियम तपासला आणि १८३१ मध्ये तो बरोबर असल्याचे दाखवून दिले. रशियात लेंझ आणि इंग्लंडमध्ये व्हीटस्टन यांनाही त्याचे महत्त्व पटले. शिवाय त्याच सुमारास तारायंत्र सुरू झाले. मैलोगणती लांब तारांमधून संदेश पाठवायचे, तर तार वीज किती अडवेल, हे आधी कळायला हवे. ओहम यांचे सूत्र नसते, तर तारायंत्राचे काम करणाऱ्यांना अंदाजानेच चालावे लागले असते. ज्या सूत्राला विद्वानांनी कल्पनेचे जाळे म्हटले होते, तेच आता कामाच्या माणसांना हवेहवेसे वाटू लागले.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोपली पदक दिले. विज्ञानातला हा फार मोठा मान होता. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ग्रंथ निघाल्यानंतर चौदा वर्षांनी हा सन्मान मिळाला आणि तोही परक्या देशात! पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना आपले परदेशी सभासद करून घेतले. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीनेही त्यांना सभासद केले. आपल्या माणसांचे डोळे आता कोठे उघडले होते.

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला गेले. तेथे अकादमीच्या विज्ञानविषयक उपकरणांचा संग्रह त्यांच्याकडे सोपवण्यात आला आणि विद्यापीठात ते व्याख्यानेही देऊ लागले. अखेर १८५२ मध्ये म्युनिक विद्यापीठात त्यांना पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले. ज्या पदासाठी त्यांनी तरुणपणी रजा घेऊन ग्रंथ लिहिला, ते पद त्यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. शिकवणे आणि शोध घेणे यांतच त्यांचे सारे आयुष्य गेले.

त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिस येथे अनेक देशांतील विद्युतशास्त्रज्ञांची परिषद भरली. वीज मोजायची तर सर्व जगाचे माप एक हवे, असे तेथे ठरले. इटलीचे व्होल्टा यांच्या नावावरून व्होल्ट, फ्रान्सचे अँपिअर यांच्या नावावरून अँपिअर आणि कोलोनच्या या शिक्षकाच्या नावावरून ओहम, अशी मापे मान्य झाली. एक ओहम म्हणजे किती, हे सर्वांना कळावे म्हणून पाऱ्याचे माप वापरण्यात येऊ लागले. एक चौरस मिलिमीटर छेदाचा आणि सुमारे १०६ सेंटीमीटर लांबीचा पाऱ्याचा स्तंभ बर्फाच्या तापमानाला जेवढा रोध करतो, तेवढा एक ओहम. आता मोजण्याच्या याहून फार सूक्ष्म पद्धती निघाल्या आहेत. पण मापाचे नाव बदललेले नाही. ओहमचे चिन्ह म्हणून ग्रीक लिपीतले ओमेगा हे अक्षर लिहितात. तुमच्या प्रयोगशाळेतील उपकरणांवर ते तुम्हाला दिसेल.

विद्यार्थी मित्रांनो, ओहम यांच्या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तरुणपणी त्यांचा पाय घसरला. पण ते सावरले. पहिले सूत्र चुकले. पण त्यांनी ते धरून न ठेवता साधन बदलले आणि पुन्हा मोजले. लोकांनी टीका केली. पण त्यांच्या तारांचे आकडे खोटे ठरवणे कोणालाही जमले नाही. मत कितीही मोठ्या माणसाचे असो, नीट केलेल्या मोजमापापुढे त्याला मान तुकवावीच लागते.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत विद्युतघट, तार आणि अँपिअरमापी असतीलच. शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी व्होल्टच्या घटाला वेगवेगळ्या लांबीच्या नायक्रोमच्या तारा जोडून पाहा आणि दर वेळचा आकडा वहीत लिहा. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तर घाईने खोडू नका. आधी विचार करा, की विजेच्या वाटेत आणखी कोणकोणत्या वस्तू आहेत आणि त्या तिला किती अडवत असतील.